फी भरून चिखलात

आमच्या लेकीच्या बालवाडीला भिंती नाहीत. चाकांवरची एक लाकडी खोली आहे, पण तिचा उपयोग सामान ठेवायला आणि फार थंडी पडली तर डबा खायला. बाकी सगळं जंगलात: सकाळची गाणी, खेळ, भांडणं, रुसवेफुगवे, अगदी शूसुद्धा. पाऊस असो, बर्फ असो, मुलं बाहेर. फक्त वादळाचा इशारा आला की झाडं पडायची भीती असते, त्या दिवशी सगळ्यांना गावातल्या हॉलमध्ये नेतात. जर्मनीत याला वाल्डकिंडरगार्टन म्हणतात आणि त्याची फी दरमहा आमच्या खात्यातून जाते.

हे ऐकल्यावर साताऱ्याहून आईचा फोन. "अगं, फी भरून पोरीला चिखलात घालतेस? चिखल काय गोडोलीत कमी होता?"

आईचा टोमणा वाटतो तितका साधा नाही. एका काकांनी तर याला 'युरोपियन फॅड' ठरवून टाकलं. फॅड म्हणावं तर वय बरंच झालंय. अशा बालवाड्या १९५० च्या दशकात डेन्मार्कात सुरू झाल्या, जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला १९९३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि आज देशभरात त्यांची संख्या हजारावर आहे. पण काकांना मी वेगळंच सांगितलं. कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली होती. तिला नावही कुरणशाळा असंच होतं. आणि कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातली मुलं शेतात राबून शिकली, हे साताऱ्यातल्या माणसाला मी काय सांगणार?

तर फी कशाची, याचं उत्तर मला तिथले नियम बघून मिळालं. नियम थोडेच आहेत, पण कडक. ताई दिसेल आणि तिची हाक ऐकू येईल, इतकंच लांब जायचं. झाडावर चढायचं तर स्वतःच्या बळावर. कुणी मोठं माणूस उचलून फांदीवर बसवणार नाही, कारण जे मूल स्वतः चढतं त्याला स्वतः उतरताही येतं. चाकूने लाकूड तासायचं तर खाली बसून, पातं अंगापासून लांब धरून. हो, चाकू. पाच वर्षांच्या मुलांच्या हातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. बाजूला दोन ताया कॉफी पीत उभ्या, कुणालाही 'जपून, जपून' म्हणत नव्हत्या, पण नजर एकेका हातावर. एवढं लक्ष ठेवायचं आणि तरी तोंड बंद ठेवायचं, हे कौशल्य आहे. फी त्याची.

यातून काय मिळतं? आईला पटलेला मुद्दा डोळ्यांचा, म्हणून तोच सविस्तर सांगते. आपल्याकडे दुसरी-तिसरीतच चष्मा लागतो आणि दोष जातो मोबाइलला. मोबाइल, जवळचं वाचन हे आहेच, पण अर्धी गोष्ट उजेडाची आहे. उजेड लक्समध्ये मोजतात. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजारांत जातो आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. डोळ्यांना खोलीतला ट्यूबलाइट झगझगीत वाटतो खरा, पण हिशेब हा असा आहे. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि त्यामुळे वाढत्या वयात बुबुळामागचा गोळा गरजेपेक्षा लांब होत नाही, असं संशोधक मानतात. गोळा लांबला की लांबचं अंधूक दिसतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला. काही शाळांनी रोज फक्त ४० मिनिटांचा एक तास बाहेर घेतला, बाकीच्यांनी नाही. शेवटी बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं, इतरांत ३९.५ टक्के. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तैवानने तर २०१० पासूनच शाळांना रोज दोन तास मुलं बाहेर काढायला सांगितलं आहे. एकदा चष्मा लागल्यावर मात्र ऊन खाऊन नंबर उतरत नाही. जो काही फायदा आहे तो चष्मा लागण्याआधीचा.

आणि आपल्या शाळांत पी.टी.चा तास गणिताचे सर मागून घेतात. परीक्षा जवळ आली की हमखास.

चिखलाचंही सांगते. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, शेवाळ, झुडपं आणून लावली. मुलं त्यात रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्ती ताळ्यावर ठेवणाऱ्या खुणा सुधारल्या. प्रयोग लहान होता, त्यावरून कुणी सर्दी-खोकल्याची हमी घेऊ नये. माझी लेक अजूनही शेंबडी असते.

सगळं काही गोडगोड नाही. आमच्या भागात गोचिडांमधून मेंदूज्वराचा विषाणू येतो, म्हणून त्याची लस घ्यावी लागते आणि रोज संध्याकाळी काखा, मानेच्या मागे, कानामागे तपासायचं. जंगलातली बोरंबिरं तोंडात घालायला बंदी, कारण कोल्ह्याच्या विष्ठेतून जंताची अंडी लागलेली असू शकतात. वेळही गैरसोयीची, दुपारी लवकर सुटते. दोघंही पूर्णवेळ नोकरीवर असतील तर हे परवडत नाही. आमच्या गटात बघितलं तर बहुतेक घरं शिकलेली, कामाच्या वेळा सोयीच्या असलेली. निसर्ग सगळ्यांचा आहे वगैरे ठीक, पण तिथे मुलाला सोडायला-आणायला कुणीतरी मोकळं लागतं.

मे महिन्यात साताऱ्याला आलो होतो. (जर्मनीत सहाव्या वर्षी शाळा सक्तीची झाली की मधेच सुट्टी घेऊन गावी पळणं बंद, दंड होतो. म्हणून आत्ताच हौस भागवून घेतली.) आल्या आल्या लेकीने आजीला विचारलं, "इथलं आपलं जंगल कुठंय?" घरातल्या प्रत्येकाने जागा सुचवली: कास, ठोसेघर, महाबळेश्वर. प्रत्येक ठिकाणी गाडी काढून जायचं, वाटेत मिसळ खायची, फोटो काढून परत.

माझं खरं भांडण इथे आहे. कास माझंही लाडकं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हा आम्ही साताऱ्यात नसतानाही पेढे वाटले. पण लहान मुलासाठी कास म्हणजे 'बघायचं, हात लावायचा नाही'. तसंच असायला हवं, नाहीतर गेंद आणि सीतेची आसवं ही तिथली इवली फुलं केव्हाच तुडवली गेली असती. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. पहिलीत चुकली तर पोरगं आठवीत जातं. मुलाला लागते ती उकरता येईल, दगड हलवता येईल, रोज जाता येईल अशी जागा. कालची काठी आज तिथेच आहे का, हे बघायला जाण्यासारखी. वर्षातून एक मोठी सहल ही भूक भागवत नाही.

माझ्या वडिलांना, आबांना, हे न सांगताच कळलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीला आणि दादाच्या पाचवीतल्या मुलाला उठवलं आणि कुरणेश्वरच्या बाजूला अजिंक्यताऱ्याच्या उतारावर नेलं. त्यांचे नियम: चप्पल नाही, बूट. दगडाखाली किंवा बिळात हात घालायचा नाही, फुरसं असतं. काठी आपटत चालायचं. आणि माझी हाक ऐकू येईल एवढंच लांब. शेवटचा नियम ऐकून मी हसले. आबांना जर्मन येत नाही.

सुरुवातीला दोघंही कंटाळली. भाच्याने तर "आता काय करायचं?" असं इतक्यांदा विचारलं की आबा पेपर उघडून बसले. मग त्यांना वाळक्या मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे सापडले. तळाशी एक किडा दडलेला, मुंगी घसरून पडायची वाट बघत. भाच्याने गवताच्या काडीने कडेची माती ढकलून त्याला फसवायचा प्रयत्न केला. लेकीने मुंगी 'वाचवली'. यावर भांडण झालं, अर्धा तास चाललं, आणि त्या अर्ध्या तासात दोघांपैकी कुणीही घरी जाऊया म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात करवंदं. इथे तोंडात घालायला बंदी नाही हे कळल्यावर लेकीने साताऱ्यात कायमचं राहायचं जाहीर केलं.

आईची शेवटची काळजी अर्थात अभ्यासाची: "अक्षरं कधी गिरवणार?" जर्मनीत बालवाडीत अक्षरं शिकवतच नाहीत, जंगलातल्या असोत की भिंतींतल्या. पहिलीत शिकतात. हायडेलबर्गच्या विद्यापीठात २००२ मध्ये यावर एक प्रबंध झाला. त्यात पहिलीच्या शिक्षकांना विचारलं होतं. जंगलातून आलेली मुलं मागे पडत नव्हती, उलट वर्गात बोलण्यात, भाग घेण्यात पुढे होती. आई म्हणाली, बोलण्यात पुढे आहे हे मलाही दिसतंय.

आम्ही परत आलो. भाच्याचा शिष्यवृत्तीचा क्लास सकाळी सातला होता. आबांनी सरांकडे जाऊन तो संध्याकाळच्या बॅचला बदलून घेतला. वहिनी थोडी नाराज आहे. पण परवाच्या फोनवर कळलं की आता सोसायटीतली आणखी दोन मुलं बरोबर जातात आणि पावसाळ्यासाठी आबांनी चौघांचे गमबूट मोती चौकातून आणलेत, स्वतःचेही धरून.