गुऱ्हाळ काय आज सुरू झालंय?

रविवार, पौष

सकाळी सातला जोतिबाला निघालो. शिवाजी पुलावर आलो तेव्हा पंचगंगेवर धुकं नव्हतं, धूरच होता. चिपाडाचा, जळक्या पाल्याचा आणि मध्येच डिझेलचा वास. सासूबाईंना दमा आहे. त्यांनी नाकाला लावलेला पदर केर्ली मागे पडेपर्यंत काढला नाही.

डोंगर चढून गाडीची काच खाली केली, तर वर चक्क ऊब! स्वच्छ ऊन. खाली कोल्हापूर दिसतच नव्हतं. नुसता करडा थर होता आणि त्याची वरची कड अगदी सरळ.

खरं तर वर गार वाटायला हवं होतं. किलोमीटरभर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, असं आपण शाळेत शिकतो. पण आकाश निरभ्र असलं आणि वारा पडला की थंडीच्या रात्री हे गणित उलटतं. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, उतारांवरून घरंगळत नदीकाठच्या सखल भागात साचते. ऊबदार हवा तिच्यावर राहते, झाकण ठेवल्यासारखी. धूर वर जायला बघतो, आजूबाजूच्या हवेइतका थंड झाला की तिथंच थांबतो आणि आडवा पसरतो. दुपारी ज्याला मिसळायला हजार-दीड हजार मीटर उंची मिळते, त्याला रात्री कधी कधी शंभर-दोनशे मीटरही मिळत नाहीत. धूर तेवढाच, जागा दहावा हिस्सा.

शेजारच्या काकींची तक्रार मला आता कळली. "रात्री वास नसतो गं, नेमका सकाळी ऊन पडल्यावर येतो." उंच धुराड्यातला धूर रात्रभर वरच्या वरच अडकून असतो. ऊन तापलं की हवा खालून ढवळायला लागते आणि वरचा धूर थेट अंगणात उतरतो. अकराच्या पुढे सगळं पांगतं. तोवर फिरायला जाणाऱ्यांनी छातीभर घेतलेलं असतं.

देवदर्शन झाल्यावर ओळखीचे एक गुऱ्हाळवाले भेटले. मी विषय काढताच भडकले. "ताई, आमचं गुऱ्हाळ काय आज सुरू झालंय व्हय? दिवाळीपासनं गुळाची काहील चढलीय. गेल्या आठवड्यात कुणी बोललं न्हाई!"

बोलणं अर्धं बरोबर आहे. गेल्या आठवड्यात वारा होता. अमेरिकेत डोनोरा नावाचं नदीखोऱ्यातलं गाव आहे. तिथले जस्ताचे आणि पोलादाचे कारखाने वर्षानुवर्षं धुरत होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये असंच उलटं तापमान काही दिवस ठाण मांडून बसलं आणि वीस माणसं गेली. पाऊस आला तेव्हा हवा सुटली. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ ला तेच झालं, तिथं बळी हजारांत मोजावे लागले. पण म्हणून सगळं हवामानावर ढकलता येत नाही. वारा पडला म्हणून धूर तयार होत नाही, आपण रोज काय सोडतो ते फक्त दिसायला लागतं. हवेच्या मापदंडांत न बसणाऱ्या शहरांच्या केंद्र सरकारच्या यादीत कोल्हापूर काही एका वाईट सकाळीमुळे गेलेलं नाही.

घरी आल्यावर मामांना फोन केला. ऊसतोड झाली की ते रानातला पाला, म्हणजे पाचट, दिवस मावळताना पेटवतात, म्हणजे धुरासाठी सगळ्यात वाईट वेळेला.

"मग काय भर दुपारी पेटवू? वाऱ्यानं जाळ शेजारच्या उसात गेला तर भरपाई तू देणार?"

यावर मला बोलता येईना. वारा पडतो म्हणूनच ते संध्याकाळ धरतात. जाळासाठी जी वेळ सुरक्षित, तीच धुरासाठी घातक. पाचट सरीत कुजवा म्हटलं, तर म्हणाले, "त्याच बुडख्यांवर खोडवा ठेवायचा असता तर कुजवलं असतं. हितं आता भुईमूग करायचाय, रान मोकळं पायजे." पाचटाची बारीक कुट्टी करणाऱ्या यंत्राचं भाडं विचारून सांगते म्हटलं. परवा त्यांची तोड आहे, म्हणजे उद्याच चौकशी करायला हवी.