सिद्दी जौहर कुठाय?

यंदा आमच्या गिरगावातल्या चाळीत पोरांनी पन्हाळा केला. विटा, गोणपाट, वरून लाल मातीचा लेप आणि हळीव पेरून आणलेली हिरवळ. मी ऑफिसातून येऊन तटाला थापट्या देत बसलो होतो, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, सिद्दी जौहर कुठाय?"

खरंच की. १६६० मध्ये चार महिन्यांवर वेढा पडलेला हा गड, आणि बाहेर एक शत्रू नाही. कोपऱ्यावरच्या टपरीत मावळे मिळतात, गवळणी मिळतात, वाघसुद्धा मिळतो. जौहर नाही.

मला लायडनचं चित्र आठवलं. १५७४ मध्ये स्पॅनिश वेढ्यात हे डच शहर उपाशी मरत होतं. डचांनी स्वतःचेच बांध फोडून शेतांत पाणी सोडलं, तेव्हा कुठे होड्या पोचल्या. लायडनमध्येच जन्मलेल्या ओटो व्हान वेननं ती सुटका रंगवली, पण विजयी सेनापतीला घोड्यावर बसवून नव्हे. त्याच्या चित्रात हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटला जातोय. स्वातंत्र्य म्हणजे आधी पोटात अन्न! (आजी ऐकती तर "मग काय तर" म्हणाली असती.) उलट वेलास्केझच्या चित्रात ब्रेडाचा डच सेनापती स्पॅनिश सेनापतीला शहराची किल्ली देतोय, अगदी अदबीनं. चित्र होऊन दोनेक वर्षं झाली नाहीत तोच, १६३७ मध्ये, डचांनी ब्रेडा परत घेतलं.

आणि आपण? मी रोज चर्चगेटला उतरून फोर्टात जातो. तिथे गेटही नाही आणि फोर्टही नाही, १८६० च्या दशकात तट पाडला. त्याआधी चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा इथल्या इंग्रजांची झोप उडाली. तटाबाहेर खंदक खणायला व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये काढून दिले. म्हणजे त्या गोष्टीतले जौहर आपण! नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा वाजते ती वसईच्या विजयाची. तटाआडून ती कशी ऐकू येत असेल, हे मी आजवर मनात आणलं नव्हतं.

भाच्याला यातलं निम्मंच सांगितलं. सकाळी पाहतो तर पायथ्याशी वाणी, भाजीवाली आणि सगळे बँडवाले गडाकडे तोंड करून गोल उभे. वाण्याला स्केचपेननं दाढी. विशाळगडाच्या बाजूला मात्र दोन बोटांची फट ठेवलीय.