आबांचा पेला आणि मानिसालेसची घोडी

शनिवार, रात्रीचे अकरा

पोटऱ्यांत गोळे आलेत, स्वेटरला घोड्यांच्या घामाचा वास येतोय आणि कानांतली टपटप काही थांबत नाही. झोप येणार नाही, म्हणून वही घेतली.

आज इथल्या जत्रेतली काबाल्गाता झाली, म्हणजे घोडेस्वारांची मिरवणूक. जानेवारीचा पहिला आठवडा आला की कोलंबियातलं हे मानिसालेस कामधंदा गुंडाळून ठेवतं. बुलफाइट, कॉफीच्या राणीची स्पर्धा, चौकाचौकांत बँड, आणि त्यात ही घोडी. बाकी काही चुकवा पण ही चुकवू नका, असं आमच्या घरमालकीणबाई डिसेंबरपासून बजावत होत्या. नवरोबा जवळच्या चिंचिना गावच्या कॉफी संशोधन केंद्रात. सुट्टी असली तरी लॅपटॉप काही सुटत नाही. मग आम्ही दोघीच निघालो. बरोबर प्लास्टिकची दोन स्टुलं, एक छत्री आणि बाईंच्या पिशवीत रुमालात बांधलेल्या चार आरेपा. आरेपा म्हणजे मक्याची जाडसर भाकरी. ज्वारीची सर नाही, पण गरम असली की खपते.

हे गाव म्हणजे डोंगराच्या धारेवर ठेवलेलं ताट. २,१५० मीटर उंची, सपाट रस्ता शोधावा लागतो. १८४९ साली अँतिओकिया प्रांताकडून माणसं खेचरांवर संसार लादून आली आणि जंगल तोडून इथं बसली. पुढे कॉफीही खेचरांच्या पाठीवरून डोंगर उतरायची. १९२२ साली मारिकिता गावाकडे जाणारा तारेवरचा रोपवे सुरू झाला तेव्हा कुठे त्या खेचरांच्या पाठीला आराम. त्या रोपवेचा एक लाकडी मनोरा अजून शहरात उभा आहे. तर अशा गावात घोडा हा काही शोभेचा प्राणी नव्हे, तो घरातलाच. (या भागातल्या लोकांना सगळा कोलंबिया ‘पाइसा’ म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे कुणीतरी उधारी मागतंय.)

बारा वाजेपर्यंत नुसती गर्दी. पोंचो खांद्यावर टाकलेले आजोबा, आग्वादास गावच्या विणलेल्या टोप्या, छोट्या पोरांच्या गळ्यातसुद्धा कातडी कारिएल पिशव्या. लाउडस्पीकरवर एक बाई दर दहा मिनिटांनी सांगत होती की दारू पिऊन घोड्यावर बसू नका. तिचं कोण ऐकतंय!

मग घोडी आली. आणि मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, चक्कर आली. दंडाला धरून विचारलं, तर म्हणाल्या, “थांबा, ऐकतेय.” डोळे मिटलेलेच. मग बोट वर करून एकेका घोड्याची चाल सांगायला लागल्या: हा पासो फिनो. हा त्रोचा. हा मागचा त्रोचाच, पण कच्चा आहे, अजून वर्षभर शिकवायला हवा. बाईंचं माहेर शेतावरचं, वडील घोडी तयार करायचे. मीही डोळे मिटून पाहिलं. पहिल्यांदा सगळा एकच गोंगाट वाटला. मग त्यातून एक आवाज वेगळा झाला: ताशावर टिपरी फिरावी तसा, बारीक, दाट, दोन टापांमधलं अंतर सगळीकडे सारखं. डोळे उघडले तर समोर एक बुटकीशी काळी घोडी. पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे चाललेले आणि जागची मात्र जेमतेम हलतेय. वर बसलेल्या माणसाच्या टोपीचा काठसुद्धा थरथरत नव्हता.

बाईंनी समजावलं ते असं. दुडक्या चालीत घोड्याचे दोन-दोन पाय जोडीनं पडतात, मधे तो क्षणभर हवेत असतो आणि खाली येताना स्वाराची हाडं खिळखिळी होतात. पासो फिनोत चारी पाय वेगवेगळे आणि समान ठेक्यात पडतात, एखादा तरी पाय सतत जमिनीवर असतो, म्हणून धक्का नाही. त्रोचात पुढचा एक पाय आणि तिरक्या बाजूचा मागचा अशी जोडी असते, पण ती फोडलेली, दोन्ही किंचित मागेपुढे पडतात, म्हणून तिचा ठेका निराळा. या चालींच्या स्पर्धांत मैदानात लाकडी फळ्यांची एक पट्टी टाकतात. घोडा तिच्यावरून नेतात आणि परीक्षक कान देऊन टापा ऐकतात. घोडा कानांनी पारखायचा!

आणि मला आबा आठवले. आमचं गाव शहाद्याजवळ, त्यामुळे दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा ठरलेली. एकमुखी दत्ताचं दर्शन पाच मिनिटं आणि तापीकाठच्या घोडेबाजारात अख्खा दिवस. आबांनी आयुष्यात एकही घोडा विकत घेतला नाही, ऐपतही नव्हती, पण भाव सगळ्यांचे विचारायचे. रेवाल, म्हणजे बिनधक्क्याच्या चालीचा घोडा दिसला की मला कोपरानं ढोसून म्हणायचे, “याच्यावर बसून भरला पेला हातात धर पोरी, थेंब सांडणार नाही.” आम्ही भावंडं हसायचो. आबांच्या अशा बऱ्याच गोष्टी होत्या.

आज पेला पाहिला. पेला कसला, प्लास्टिकचा इवलासा कप, त्यात काठोकाठ आग्वार्दियेंते, बडीशेपेच्या वासाची इथली दारू. स्वार पन्नाशीचा, गाल लालबुंद, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात कप. घोडी त्या टपटप चालीनं आमच्या समोरून पुरी गेली. थेंब सांडला नाही. पुढे जाऊन त्यानं तो एका घोटात संपवला, लगेच दुसरा भरून घेतला आणि माझ्या मनातली आबांची गोष्ट जरा आंबली.

कारण तोवर चार वाजले होते आणि मी आता घोड्यांकडे बघायला लागले होते. तोंडाला फेस. छातीवर घामाचे पांढरे पट्टे. काही स्वार घोडीला एकाच जागी नाचवत होते, कारण बाल्कनीतून मोबाइल रोखलेले होते. पाऊस आला आणि उतारावरचं डांबर काचेसारखं झालं. आमच्यापासून वीसेक हातांवर एका तांबड्या घोड्याचे मागचे पाय घसरले, तो बसकण मारल्यासारखा खाली आला. नालांचा डांबरावर घासल्याचा आवाज अजून डोक्यात आहे. स्वार हसत उतरला. घोडा उठला, लंगडला नाही, पण कातडी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत थरथरत होती. एक पशुवैद्य मुलगी धावत आली, गुडघे चाचपले आणि घोड्याला बाजूला काढायला लावलं. स्वार हुज्जत घालत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाई गप्प झाल्या. मग आपणहून म्हणाल्या की काली शहरात ही मिरवणूक याच कारणांनी बंद झाली. मेडेयीनमध्येही झाली, जिथे १९९९ साली ८,२३३ घोडेस्वार एकाच मिरवणुकीत उतरले होते आणि गिनेसबुकात नाव गेलं होतं. इथली बुलफाइटही जाणार, २०२४ साली कायदा झालाय, बंद करायला तीन वर्षांची मुदत दिलीय. “मग आमच्याकडे उरणार काय? गाणी?” त्या रागानं म्हणाल्या, पण राग नेमका कोणावर, ते कळेना. पिणाऱ्यांवरही होता. “माझ्या बापानं दारू प्यालेल्या माणसाच्या हातात लगाम दिला नसता.”

मी त्यांना बैलगाडा शर्यतीचं सांगितलं. २०१४ ची बंदी, गावोगावची आंदोलनं, मग २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिलेली मान्यता. त्यांनी विचारलं, “तुम्ही कोणाच्या बाजूनं?” तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये मी काहीतरी पुटपुटले. मराठीतही तेच पुटपुटले असते. घाटात बैल सुटतात तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो आणि शेपटी पिरगाळताना पाहिली की तिथून उठावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे. बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही, चालू द्या म्हणायलाही नाही. मात्र आज त्या तांबड्याची कातडी पाहून पहिल्या बाजूला जरा जास्त झुकलेय, हे वहीत लिहून ठेवते. उद्या ऊन पडलं की विसरायला नको.

परतताना मागच्या गल्लीतून आलो. तिथे ट्रक उभे होते, घोडी चढवत होते. रस्ताभर लीद, त्यात तुडवलेले कप आणि कणसांची बुरकुंडं. ती काळी घोडी तिथेच होती. स्वाराचा पत्ता नव्हता, खोगीर उतरवलेलं, पाठीवर ओल्या घोंगडीचा चौकोन उमटलेला. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा पोत्याच्या तुकड्यानं तिचं अंग पुसत होता आणि पुटपुटत होता.

इथल्या स्पॅनिशमध्ये बरेच जण घरच्यांनाही ‘उस्तेद’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. आई लेकराला, नवरा बायकोला, मालकीणबाई त्यांच्या मांजराला. सुरुवातीला मला त्याची फार गंमत वाटायची. पोरगा घोडीला म्हणत होता, “दमलात ना तुम्ही? पाय द्या. हा नको, तो द्या.”

तिनं पाय उचलून त्याच्या हातात दिला. तो नालेतला खडा काढायला लागला.