धड चालेना, धड बंद पडेना

एखादी वस्तू पार बंद पडली की एक बरं असतं: ती बंद आहे याबद्दल कुणाचं दुमत नसतं. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, विषय संपला. लॅपटॉपचा ट्रॅकपॅड सहसा असा एका फटक्यात जात नाही. तो आधी बिथरतो. कर्सर उजवीकडे न्यावा तर थोडं अंतर नीट जातो, मग अडतो, मग एकदम कोपऱ्यात उडी मारतो. दोन बोटांनी पान वर सरकवायला जावं तर पानावरची अक्षरंच मोठी होतात. आणि दाखवायला कुणाला बोलावलं की त्याच्या बोटाखाली शहाण्यासारखा चालतो. ‘काय झालंय याला? चांगला तर चालतोय,’ असं म्हणून तो माणूस उठतो, आणि त्याची पाठ वळताच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यात खोडसाळपणा नाही. माणूस बदलला की ट्रॅकपॅडचं वागणं खरंच बदलू शकतं, कारण तो माणसालाच मोजत असतो. गुळगुळीत पृष्ठभागाखाली बारीक पट्ट्यांची आडवी-उभी जाळी असते आणि पट्ट्यांमध्ये अगदी क्षीण विद्युतक्षेत्र. आपलं शरीर विजेचं वाहक, त्यामुळे बोट जवळ आलं की त्या क्षेत्राचा थोडा भाग स्वतःकडे ओढून घेतं. कुठे किती ओढला गेला हे आतली चिप सतत मोजत राहते आणि त्यावरून बोट नेमकं कुठे असावं हे ठरवते. पेनाच्या प्लॅस्टिकच्या टोकाने तासभर घासत बसलात तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

‘असावं’ असं म्हटलं, कारण हे शेवटी अनुमान आहे. सिनॅप्टिक्स ही कंपनी १९८६ मध्ये निघाली ती न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर आकृती ओळखायला शिकणाऱ्या यंत्रणांच्या, संशोधनासाठी. संस्थापकांमध्ये कार्व्हर मीड होते आणि फेदेरिको फॅजिनही, ज्यांच्या हातून आधी १९७१ चा इंटेल ४००४ हा मायक्रोप्रोसेसर घडला होता. पुढे कंपनीचा जम बसला तो मात्र टचपॅडवर, म्हणजे याच ट्रॅकपॅडवर. अंधुक आकृतीतून अर्थ काढायचा हीच मुळात दोन्हीकडची विद्या, त्यामुळे मला याचं फारसं नवल वाटत नाही. ॲपलच्या १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेत ट्रॅकपॅड आला आणि त्याआधीच्या पॉवरबुकमधला गोल फिरणारा ट्रॅकबॉल मागे पडला.

बोट ओळखणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम दुर्लक्ष करण्याचं. टाइप करताना तळहाताची कड पॅडला घासते, अंगठा खालच्या काठावर नुसता विसावलेला असतो, बाही लोळत असते. यातलं काहीच ‘क्लिक’ नसतं आणि हे सगळं ट्रॅकपॅडने न बोलता सोडून द्यायचं असतं. चांगला ट्रॅकपॅड कोणता असं मला कुणी विचारलं, तर ज्याला कशाकडे बघायचं नाही हे कळतं तो, असं मी सांगेन. त्याची निम्मी दुखणी याच अकलेची असतात: नको ते ऐकतो, नाहीतर हवं ते टाळतो.

गेम खेळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. कीबोर्डवरचं एखादं अक्षर दाबून पुढे पळायचं आणि त्याच वेळी ट्रॅकपॅडवरून खेळातल्या पात्राची मान वळवायची, तर मान वळतच नाही. पॅड बिघडलेला नसतो. टाइप होत असताना पॅडने गप्प बसावं अशी सोय बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते, आणि आपण शत्रूपासून पळतोय की अर्ज लिहितोय हे तिला काय कळणार? पॅडला गप्प बसवणारी ही सेटिंग सैल केली की मान वळते. पण मग लिहिताना कर्सर मागच्या ओळीत जाऊन बसतो आणि निम्मं वाक्य भलत्याच परिच्छेदात घुसतं.

पॅडचा अजिबात प्रतिसाद नसेल तर फंक्शन कीच्या ओळीत त्याचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का, किंवा ‘माउस जोडला की ट्रॅकपॅड बंद’ ही सेटिंग चालू आहे का, एवढं बघून घ्यावं. कर्सरच चालत नसताना सेटिंगमध्ये शिरायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. टॅब, बाणाच्या कळा, स्पेस आणि एंटर यांवर जवळजवळ सगळीकडे पोचता येतं. वेळ लागतो, चिडचिड होते, पण पोचता येतं.

मग येतो सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला: बंद करून चालू कर. सल्ला बरोबरच आहे, कारण बोट नसताना आपली अवस्था काय असते याचं एक माप पॅडची चिप मनाशी धरून बसलेली असते. ते माप बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं, आणि सुरू होताना ते नव्याने घेतलं जातं. म्हणून त्या वेळी पॅडवर हात टेकून बसू नये. पण यात विंडोजची एक गंमत आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (पॅडसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उभी केली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर रात्रभर झोपून सकाळी तसाच अडकलेला उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. ‘बंद करून बघितलं, फरक नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, शट डाऊन की रीस्टार्ट?

सगळ्यात मजेशीर दुखणं चार्जरचं. बॅटरीवर असताना पॅड अगदी शांत आणि चार्जर लावला की कर्सर थरथरायला लागतो. दोन पिनांच्या अडॅप्टरला अर्थिंग नसतं. त्यातून थोडासा गळतीचा प्रवाह लॅपटॉपच्या अंगात येतो. धातूच्या कव्हरवरून मनगट अलगद फिरवलं की जी बारीक झिणझिण जाणवते, ती याचीच. अशा वेळी आपल्या शरीराच्या तुलनेत लॅपटॉपचं शून्यच, म्हणजे जिथून तो विजेचं माप धरतो ती पातळीच, वरखाली होत असतं, मग बोटाचं माप स्थिर कुठून राहणार? दुसरा हात कव्हरवर टेकला तर कधी कधी थरथर थांबते. तपासणी सोपी आहे: चार्जर काढा आणि बघा. कर्सर शहाणा झाला तर ड्रायव्हर उलटसुलट करत बसण्यात अर्थ नाही, अडॅप्टर आणि सॉकेट बघायचे.

घाम, ओलसर बोटं, नुकतंच लावलेलं क्रीम यांनीही पॅड गोंधळतो, कारण पाण्याचा थेंब त्याला बोटासारखाच भासू शकतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसावं, एवढंच.

कर्सर नीट फिरतोय पण दाबल्यावर क्लिक होत नाही, हे दुखणं वेगळं. पॅड कडक लागतो, एका बाजूला दबतच नाही, काठाशी फट दिसते. नवीन पद्धतीच्या काही ट्रॅकपॅडमध्ये दाबायला काही हलतच नाही, विद्युतचुंबक नुसता हलकासा ठोका देऊन क्लिकचा भास करतो. ते लॅपटॉप बंद असताना दगडासारखे लागतात आणि ते ठीकच आहे. पण काल-परवापर्यंत मऊ दबणारा पॅड हळूहळू वर उचलला जात असेल, तर खाली बॅटरी फुगत असू शकते. सपाट टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि तो डुगडुगला, किंवा झाकण पूर्ण मिटेना, तर संशय बळावतो. जुन्या लिथियम सेलमध्ये आत वायू साठतो आणि तो जागा शोधतो. इथे सेटिंगमध्ये शोधण्यासारखं काही नाही. पॅड जोर लावून खाली बसवायचा नाही, स्क्रू काढून आत डोकवायचं नाही. चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करायचा आणि दुरुस्तीवाल्याला आधीच सांगायचं की बॅटरी फुगल्यासारखी वाटते आहे.