स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, म्हणजे ओपन वॉटर झालं, पण पुढे काय?

गोव्यात ग्रांदे आयलंडला अर्ध्या दिवसात जे करवतात ना ते ट्राय डाइव्ह, त्याने सर्टिफिकेशन मिळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. खरं कार्ड ओपन वॉटर कोर्स केल्यावरच, आणि तेही १८ मीटरपर्यंतच. अ‍ॅडव्हान्स्ड केलं की ३० मीटर.

पण मला खरी काळजी वाटते ती रेकची. गोव्यात सुझीज रेकसारखी बुडालेली जहाजं आहेत, बाहेरून बघायला सुंदर, मासे तर विचारूच नका, पण आत शिरायचं म्हटलं की खेळच बदलतो, सरळ वर येता येत नाही, पायातली एक फिन चुकीची मारली की गाळ उठतो आणि आलेलं दारच दिसत नाही. परतीची वाट सापडावी म्हणून दोरीची रील कशी बांधायची, किती हवा राखून परत फिरायचं, हे रेक स्पेशालिटीतच शिकवतात, ओपन वॉटरमध्ये नाही. गोव्याचं पाणी आधीच गढूळ, त्यामुळे इथे तर जास्तच गरज.

नायट्रॉक्सचंही, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचंही तसंच. ३२ टक्के ऑक्सिजन म्हणजे जास्त खोल जाता येतं असं नाही, उलट ३३-३४ मीटरची मर्यादा येते, त्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो.

सीझन ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. कोर्स घेताना इन्स्ट्रक्टरला बिनधास्त विचारा, स्वतः रेकमध्ये कितीदा गेलात?