जुन्या ट्रकची नोंदवही, भाग ७: अर्ध्या टाकीला मान टाकणारं इंजिन

मागच्या नोंदीत गाडी गोठ्यामागून निघून डांबरीवर आली होती. त्यानंतर तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण चार किलोमीटर गेलं की इंजिन मान टाकायचं. आधी रेस दाबूनही जोर यायचा नाही, मग गचके, आणि जरा चढ लागला की बंद. उतरून डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप मारायचा, फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट सैल करून एअर, म्हणजे लाइनमध्ये अडकलेली हवा, काढायची, की पुन्हा चार किलोमीटर. इनलाइन पंपाची (इंजिनला दाबाने डिझेल देणारा पंप, प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या, सगळे एका ओळीत) जुनी डिझेल गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं कधीतरी भेटतं, म्हणून यावेळी सगळं मापासकट लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी टाटाच्या १२१० जातीची, सहाचाकी, सहा सिलिंडरची. बाबांनी घेतली तेव्हा एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावर विकायची योजना, जोरात होती. १९७२ला सुरू झालेल्या त्या योजनेत आमच्या आणि शेजारच्या गावांचा कापूस हिनेच आर्वीच्या केंद्रावर वाहिला. फाळक्याच्या फटीत अजूनही सरकी सापडते.

पहिला रविवार

दोन्ही फिल्टर बदलले. जुने काळे झाले होते, पण गच्च नव्हते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाखालची काचेची वाटी उतरवली, आतली जाळी धुतली, रबरी वायसर (वॉशर) नवीन घातला. फरक शून्य.

मिस्तरी येऊन गेले. या भागातल्या डिझेल गाड्या त्यांनी उभा जन्म दुरुस्त केल्या, त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. ते म्हणाले, "पंप गेला भाऊ. खोला अन् पाठवून द्या." जिल्ह्याच्या गावातल्या एका पंपरूमला, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानाला, फोन केला तर तिथूनही तेच उत्तर आलं: प्लंजर (पंपातले दट्टे), ते ज्यात सरकतात ते बॅरल, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, सगळं नवीन.

पण माझं मन होत नव्हतं. पंप झिजला असता तर नुसती एअर काढून गाडी पुन्हा नीट चालली नसती. आणि झिजलेल्या प्लंजरमुळे लाइनमध्ये एअर कुठून येणार? एअर येते ती पंपाच्या आधीच्या बाजूने.

ही आधीची बाजू नीट डोळ्यासमोर आणा. टाकीतून डिझेल ओढतो तो फीड पंप, इंजेक्शन पंपाच्या कुशीत बसलेला. त्याच पंपाच्या कॅमशाफ्टवर तो चालतो. तो डिझेल ढकलतो फिल्टरमध्ये, तिथून ते इंजेक्शन पंपाच्या गॅलरीत, म्हणजे प्लंजरभोवतीच्या डिझेलच्या कप्प्यात, येतं. गॅलरीत साधारण १ ते १.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर हवं. जास्तीचं डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून परत टाकीत जातं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल उघडायला लागणारं २०० किलोच्या आसपासचं प्रेशर पुढे प्लंजर तयार करतात, पण बॅरल भरायला गॅलरीत हा किलो-सव्वा किलो नसेल तर प्लंजर अर्धपोटी राहतात. भल्याभल्या पंपाचा जोर मग तिथेच संपतो.

गेज लावलं

आर्वीच्या दुकानातून ० ते ४ किलोचं गेज आणलं. फिल्टरमधून पंपात जाणाऱ्या बेंजो बोल्टच्या (मधून पोकळ बोल्टच्या) जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून ते जोडलं. तांब्याचे वायसर आधी लालभडक तापवून पाण्यात टाकून घ्या, मऊ होतात. जुना कडक वायसर कितीही आवळला तरी बसत नाही, आणि मग आपणच नवीन गळती तयार करतो.

स्लोवर, म्हणजे रेस न देता, काटा ०.४वर थरथरत होता. रेस दिली तर वर जाण्याऐवजी ०.१वर उतरला. तो काटा पाहून मला खरंच आनंद झाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा दुखणं आकड्यात दिसलं.

कॅनची परीक्षा

टाकीकडून येणारी नळी फीड पंपापासून काढली. त्या जागी तीन फूट पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडलं. रिटर्नही त्याच कॅनमध्ये. एअर काढून गाडी चालू केली. पाऊण तास स्लोवर आणि मध्ये मध्ये रेस देऊन चालली, एकदाही गचका नाही, नळीत एकही बुडबुडा नाही. गेज मात्र ०.७च्या वर जाईना.

मग तीच पारदर्शक नळी टाकीची लाइन आणि फीड पंप यांच्या मध्ये जोडली. दोन मिनिटांत बुडबुडे आले, आधी मोहरीएवढे, मग हरभऱ्याएवढे, ओळीने. पूर्ण लाइनवर डिझेलचा एक थेंब बाहेर दिसत नव्हता. ओढीच्या बाजूचं भोक असं फसवतं. तिथे आतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतं, त्यामुळे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली ओलं दिसत नाही म्हणजे लाइन चांगली, असं कधीच समजू नका.

चेसिसवरची रबरी नळी पूर्ण बदलली. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रबर असं वाळतं की वाकवलं की तडे जातात, त्यामुळे ती बदलायचीच होती. बुडबुडे तरीही कायम.

बाबांचं वाक्य

संध्याकाळी बाबा खाटेवरून पाहत होते. त्यांचं वय झालंय, गाडीजवळ ते फार येत नाहीत. म्हणाले, "टाकी भरून असली का ते काहीच नाही करत. अर्धी झाली का मंग अशी करते. पाह्यलं नाही का तू?"

मी पाहिलं नव्हतं. पंचवीस-तीस लिटर टाकून फिरत होतो, टाकी कधी भरलीच नव्हती. बांबूची कामटी घालून मोजलं तर तळापासून पाच इंच डिझेल. दुसऱ्या दिवशी दोन कॅन ओतून ते नऊ इंचांवर आणलं आणि एअर काढली. बुडबुडे गायब.

टाकीचं युनिट, म्हणजे ओढीची नळी बसवलेला भाग, बाहेर काढलं. ओढीची नळी तळापासून इंचभर वर थांबते, जाळी शाबूत. नळीचं खालचं टोक अंगठ्याने दाबून ती पाण्याच्या बादलीत आडवी धरली आणि वरून फुंकर मारली. जिथे आधाराची पट्टी नळीवर घासत होती तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. पुसून उन्हात धरली तेव्हा केसाएवढी चीर दिसली, अर्ध्या गोलाईपर्यंत गेलेली. खालच्या टोकापासून पाच इंच, म्हणजे टाकीच्या तळापासून सहा.

हिशोब जुळला. डिझेल सहा इंचांच्या वर असेपर्यंत चीर बुडालेली, ती डिझेलच ओढायची. पातळी खाली गेली की हवा. सकाळी सुरू व्हायला इतका हातपंप का लागायचा तेही कळलं: रात्रभर चिरेतून हवा शिरून लाइनमधलं डिझेल टाकीत उतरायचं.

गॅसने पितळ लावून चीर बुजवली. फक्त काढलेलं युनिट, पुसून, टाकीपासून लांब नेऊन. टाकीजवळ आग नेऊ नका, रिकाम्या टाकीजवळ तर अजिबातच नाही. पट्टीखाली रबराचा तुकडा घातला.

०.७चं काय?

एअर थांबली तरी प्रेशर ०.७च. इथे फीड पंप बदलायचा मोह होतो. त्याआधी एक मिनिटाची परीक्षा करा. रिटर्नची रबरी नळी चिमटून धरा, चार-पाच सेकंदच. माझा काटा ताडकन २च्या पुढे गेला. म्हणजे फीड पंपात जोर भरपूर, डिझेल रिटर्नमधून निसटतंय. काटा वाढलाच नसता तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, स्प्रिंग किंवा त्याचा प्लंजर पाहावा लागला असता.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह खोलला. गोळीच्या बैठकीत वाळूच्या कणाएवढा गंज रुतलेला, आणि स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तर चांगली दोन मिलिमीटर आखूड. नवीन व्हॉल्व्ह बसवला. आता स्लोवर १.२, रेसवर १.४, काटा स्थिर.

मूळ पंपाचा एक स्क्रूही हलवला नाही. त्याच्या अंगावर मायकोची, म्हणजे बॉशच्या भारतातल्या कंपनीची, पाटी आहे. ही कंपनी १९५१ला सुरू झाली. बॉशने असे इनलाइन पंप कारखान्यात सलग बनवायला सुरुवात केली १९२७ला. इतकी जुनी रचना आजही आपल्या हाताने समजून घेता येते, याचं मला मोल वाटतं. मिस्तरींना गेज दाखवलं तर ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे मीटर मलेही आणून द्या."

घाट

विहिरीच्या कामाचे उरलेले दगड भरले, टाकी मुद्दाम चार इंचांवर ठेवली आणि तळेगावच्या बाजूने सत्याग्रही घाट चढलो. गेजला डिझेलची लांब नळी जोडून ते काचेबाहेर बांधलं होतं. बाबा शेजारी. पायथ्याला १.२, माथ्यावर १.१. एकदाही गचका नाही. बाबा काट्याकडे पाहतच नव्हते, आवाज ऐकत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "चार नंबर बरोबर नाही वाजून राहिला."

घरी येऊन स्लोवर एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून पाहिला. डोळ्यांवर चष्मा, हात लांब. ती धार कातडीत घुसते, म्हणून हा खेळ नाही. पाच नटांना इंजिनचा आवाज पडला. चौथ्याला काहीच फरक नाही, म्हणजे तो सिलिंडर कामच करत नव्हता. येत्या रविवारी तो नोझल टेस्टरवर लावतो, आधी प्रेशर पाहतो, मग फवारा.