हद्दीच्या आतली वाहिनी

टोरोंटोमध्ये घराचे सांडपाणी रस्त्याखालच्या मुख्य गटारापर्यंत नेणाऱ्या वाहिनीचा आपल्या हद्दीतला भाग घरमालकाचा आणि हद्दीपलीकडचा महापालिकेचा, असा नियम आहे. शेजाऱ्यांच्या तळघरात सांडपाणी उलटे आले आणि प्लंबरने पाइपात कॅमेरा सोडून तडा हद्दीच्या आतच असल्याचे दाखवले, तेव्हा या नियमाचा अर्थ मला खऱ्या अर्थाने समजला. अंगण खोदण्यापासून नवा पाइप टाकण्यापर्यंतचा सगळा खर्च त्या कुटुंबावर पडला.

मला हा नियम कठोर वाटतो, कारण येथे वाहिनी बिघडते ती बहुतेक वेळा निष्काळजीपणाने नव्हे, तर हवामानाने. हिवाळ्यात या भागातली जमीन सुमारे 1.2 मीटर खोलीपर्यंत गोठू शकते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते हे आपण शाळेत शिकलो. परंतु जमिनीत त्याहून मोठी गोष्ट घडते. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतले पाणी वर ओढत राहतो, त्याचे बर्फाचे थर साचत जातात आणि माती वर उचलली जाते. वसंतात ती पुन्हा खचते आणि उथळ पाइपांचे सांधे हलतात. बर्फाची चादर खरे तर जमिनीचे थंडीपासून रक्षण करते; त्यामुळे गाडीसाठी रोज झाडून मोकळ्या ठेवलेल्या वाटेखाली गोठण अधिक खोल उतरते, आणि वाहिनी पुष्कळदा तिथूनच जात असते.

कोरड्या उन्हाळ्यात चिकणमाती आकसते, पाइपाखालचा आधार जातो आणि पाइपाला झोल पडतो. त्या झोलात चरबी व गाळ साचतो. जुन्या घरांचे पाइप भाजक्या मातीचे असून त्यांना थोड्याथोड्या अंतरावर सांधे असतात. ओलाव्याच्या शोधातली मॅपलची मुळे तिथून आत शिरतात. झाड तोडावे म्हटले, तर खोडाचा व्यास 30 सेंटिमीटर किंवा अधिक असल्यास स्वतःच्या अंगणातल्या झाडासाठीही महापालिकेची परवानगी लागते. झाडे जपणारा हा नियम मला मनापासून आवडतो. मात्र त्याच झाडाची मुळे पाइपातून काढण्याचा खर्च एकट्या मालकाने करावा, हे पटत नाही.

8 जुलै 2013 रोजी येथील पिअर्सन विमानतळावर 126 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातल्या असंख्य तळघरांत पाणी शिरले. मुंबईकराला हा आकडा मोठा वाटणार नाही. आपल्याकडे घराचे जोते उंच घेतात. येथे मात्र घराचा पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, म्हणून तळघर ओघानेच येते, आणि त्याच्या जमिनीतली मोरी रस्त्याच्या पातळीखाली राहते. मुख्य गटार तुडुंब भरले की पाण्याला वर चढायची ती सर्वांत सोपी वाट ठरते. त्यामुळे ‘एवढ्याशा पावसाने तिकडे हाहाकार का होतो’ असा प्रश्न आपल्या लोकांनी विचारला की मला तो अन्यायाचा वाटतो.

त्यातच सांडपाणी उलटे येण्याचे नुकसान घराच्या साध्या विम्यात बहुधा धरलेले नसते. त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. इकडे सोसायटी नाही, की सर्वांनी वर्गणी काढून चेंबर दुरुस्त करावा. तरीही येथे घर घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण कोणता तुकडा कोणाचा हे आधीच ठरलेले आहे, आणि पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवण्यासाठी महापालिका अनुदानही देते. छपरावरचे पाणी गटारात न सोडता अंगणात जिरवण्याची सक्ती तर मला फारच शहाणपणाची वाटते.

येथे घर शोधणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी आता सांगतो, की करार करण्यापूर्वी वाहिनीत कॅमेरा सोडून तपासणी करून घ्या आणि ते चित्रीकरण स्वतः पाहा. झडप असेल, तर ती वरचेवर स्वच्छ करावी लागते. शिवाय मुसळधार पावसात ती बंद झाली की घरातले पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून पाऊस ओसरेपर्यंत नळ, शॉवर आणि कपडे धुण्याचे यंत्र बंदच ठेवावे.